अडीच वाजताची नोंद

त्या दिवशी सिस्टर संध्याकाळी आठ वाजेपर्यंत दवाखान्यात होती. माझ्या सर्व्हरने मात्र ती दुपारी अडीच वाजता निघून गेल्याचं लिहून ठेवलं, आणि त्या नोंदीखाली मी सही केली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू घ्यायला लागेन, तेव्हा वाचणाऱ्याला खरं काय ते माहीत असलेलं बरं.

मी गोंदियात राहतो. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान नाही. शाळा, पतसंस्था, दवाखाने, जिथून फोन येईल तिथे मोटारसायकलवर जातो. काही ठिकाणचं काम वर्षावर्षाच्या कराराने माझ्याकडे असायचं. त्यातलाच हा एक दवाखाना, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि दुसऱ्या बाजूला जंगल. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत, आणि त्यांच्यापेक्षा माझा दोष मोठा आहे.

दवाखान्यात कायम नोकरीवाले वहीत सही करायचे. कंत्राटी लोकांसाठी दाराजवळच्या भिंतीवर अंगठ्याची मशीन लावली होती. कोणावर विश्वास आहे आणि कोणावर नजर, हे त्या भिंतीकडे पाहूनच कळायचं. मशीन औषधांच्या खोलीतल्या सर्व्हरला जोडलेली होती. सर्व्हर म्हणजे फ्रिजशेजारी स्टुलावर ठेवलेला एक काळा डबा. तो सांगेल ती वेळ मशीन अंगठ्यासमोर लिहायची. बाह्यरुग्ण चिठ्ठ्यांवरची वेळही त्याचीच.

त्या वर्षी रोहिण्यांच्या आधी वीज पडली आणि सर्व्हरची डिस्क जळाली. मी नवी बसवली, सगळं नव्याने टाकलं. असं टाकताना एका टप्प्यावर सर्व्हर विचारतो, की तुम्ही जगात कुठे आहात. कारण तो आत सगळ्या जगाची मिळून एकच वेळ धरून चालतो आणि जागेप्रमाणे तिच्यात तास मिळवतो किंवा कमी करतो. आपल्याकडे साडेपाच तास मिळवायचे असतात. भल्यामोठ्या यादीतून आपल्यासाठी कोलकात्याचं नाव शोधून निवडायचं, एवढंच काम. मला भूक लागली होती. मी न बघता बटण दाबत गेलो आणि यादीतला पहिला पर्याय तसाच राहिला, म्हणजे काहीच न मिळवण्याचा.

काम संपलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पडद्यावर सकाळचे साडेआठ दिसत होते. चूक लगेच लक्षात आली. ती दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागतं. मी ते न करता, मनगटावरच्या घड्याळाचा काटा फिरवावा तसं घड्याळच साडेपाच तास पुढे ढकललं. दिसायला दोन वाजले. दवाखान्याचे कारकून, ज्यांना सगळे बाबू म्हणत, डबा उघडून माझी वाट पाहत होते. जेवलो आणि निघालो.

असं घड्याळ टिकतं, जोवर सर्व्हर बाहेर कोणाला वेळ विचारत नाही तोवर. त्या दिवसांत रस्त्याच्या कामात इंटरनेटची केबल तुटलेली होती, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. दोन महिने सुरळीत गेले. ऐन रोवण्याच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत एका संध्याकाळी केबल जोडली गेली. सर्व्हरने जगाची वेळ विचारली, ती बरोबर मिळाली, आणि आपण कुठे उभे आहोत हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं म्हणून तो साडेपाच तास मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाबूंचा फोन. मी सालेकशाला एका कचेरीत प्रिंटर उघडून बसलो होतो.

"भाऊ, तुमचा कम्प्युटर पहाटेचे साडेतीन वाजवून राहिला. चिठ्ठीवर बी तेच छापून येऊन राहिलं. एक म्हातारी म्हणते, माय वं, मी कोंबडा बोंबलायच्या आंधीच आली का जी इथं?"

मी हसलो. "उद्या येतो, बाबूजी."

"उद्या कायले? फोनवर सांगा ना, मीच करतो."

"तुम्हाला नाही जमायचं. एखादं बटण चुकलं तर सगळंच बसेल."

ते खोटं होतं. फोनवर एक ओळ सांगितली असती तर त्यांनी ती टाइप केली असती आणि काम झालं असतं. पण त्यासाठी पासवर्ड सांगावा लागला असता. पासवर्ड मी कोणत्याच ठिकाणी कोणालाच देत नसे. तो माझ्याकडे आहे तोवर मलाच बोलावतील, असा माझा हिशेब. आमच्या धंद्यात बहुतेक सगळे असंच करतात, आणि हे मी पुन्हा स्वतःच्या बाजूने बोललो.

सिस्टर कंत्राटी होती, आणि त्या दिवशी तिची पाळी दुपारी दोन ते आठ होती. सकाळच्या कायम सिस्टर त्या आठवड्यात रजेवर होत्या. डॉक्टर दुपारी गोंदियाला गेले होते. साडेचारच्या सुमाराला शेजारच्या गावचा एक माणूस बायकोला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आला, मागून तिला एका बाईने धरलं होतं. बांधीत रोवणा करताना तिला पान लागलं होतं. साप चावला असं आपल्याकडे उघड म्हणत नाहीत. तिचे पाय अजून चिखलाने भरलेले होते, आणि डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या.

विषावरचं औषध फ्रिजमध्ये होतं, माझ्या सर्व्हरच्या शेजारीच. पण ते कोणाला उलटूही शकतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करायचं नाही असा सिस्टरला हुकूम होता. तिने फोन लावला. लागत नव्हता. ती एका हाताने सलाइन धरून दुसऱ्या हाताने फोन लावत राहिली. अर्ध्या तासाने लागला. औषध सुरू झालं, गाडी आली, आणि गोंदिया यायच्या आधीच बाई गेली. सिस्टरने खाट धुतली, रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं आणि आठ वाजता भिंतीवरच्या मशीनला अंगठा लावून ती खोलीवर गेली. मशीनने लिहिलं, अडीच.

दुसऱ्या दिवशी मी अकराला पोचलो तेव्हा दवाखान्याच्या आवारात चाळीस-पन्नास माणसं उभी होती. बाबूंनी मला दारातच घडलेलं सांगितलं. मी औषधांच्या खोलीत गेलो, यादीतून आपली जागा निवडली. घड्याळ बरोबर झालं. पण घड्याळ दुरुस्त केलं तरी मशीनने आधी लिहिलेलं तसंच राहतं. कालच्या नोंदी मी उघडून पाहिल्या. सिस्टर आली साडेआठ, गेली अडीच. झाडूवाला पहाटे अडीचला आलेला.

"कालच्याचं काय?" बाबूंनी विचारलं.

"राहू द्या. एका दिवसानं काय होतं?"

कालच्या नोंदी साडेपाच तास मागे आहेत, एवढं एका कागदावर लिहून बाबूंना देता आलं असतं. तसं करणं म्हणजे आपली चूक आपल्याच हाताने लिहून देणं. करार पुढच्या महिन्यात नवा व्हायचा होता.

तीन आठवड्यांनी चौकशीला एक अधिकारी आले. मला त्याच दिवशी बोलावलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत ते बसले होते, डॉक्टर बाजूला, आणि सिस्टर टेबलासमोर उभी. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की सिस्टरने आपल्या मनाने सकाळची पाळी करून घर गाठलं, पेशंट आल्यावर तिला खोलीवरून बोलावून आणावं लागलं, त्यात वेळ गेला. सिस्टरचं रजिस्टर टेबलावर उघडं होतं. त्यात पेशंट आल्याची वेळ म्हणून चार चाळीस लिहिलं होतं. ते नंतर लिहिलेलं आहे, असं ठरवून मंडळी पुढे गेली होती.

"फक्त सिस्टरच्या नोंदी काढा," अधिकारी मला म्हणाले.

पूर्ण दिवसाचं पान काढलं असतं तर पहाटे अडीचला आलेला झाडूवाला कोणाच्याही डोळ्यात भरला असता. मी सांगितलं तेवढंच काढलं. दोन ओळींचा कागद.

"मशीन गलती करते का कधी?"

"नाही साहेब. मशीन बरोबर चालू आहे."

त्या दिवशी ती खरोखरच बरोबर चालू होती. हे वाक्य मी मोटारसायकलवर येताना तयार केलं होतं.

सिस्टर माझ्याकडे वळली. "भाऊ, मी आठले अंगठा लावली होती ना. उजेड गेला होता, मी तं टॉर्च धरून गेली घरी."

"सिस्टर, मशीनची काय तुमच्याशी दुश्मनी आहे?" अधिकारी म्हणाले, आणि दारापाशी उभं असलेलं कोणीतरी हसलं.

मी कागदाखाली 'नोंद सर्व्हरप्रमाणे' असं लिहून सही केली. बाबू वहीत मान घालून बसले होते. बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "बरं केलं भाऊ. बोलले असते तं तुमचं बी गेलं असतं आन् माझं बी." माझा करार नवा झाला. सिस्टरचा झाला नाही. पेशंटला सोडून पळालेली बाई, एवढंच तिच्याबद्दल त्या भागात उरलं.

चार वर्षं मी त्या दवाखान्यात जात राहिलो. मशीनसमोरून जाताना त्रास व्हायचा असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या वर्षी व्हायचा. मग सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात नवेगाव बांध या गावी एका औषधाच्या दुकानात कॉम्प्युटर बंद पडला म्हणून गेलो. काउंटरमागे सिस्टर होती, गोळ्यांची पाकिटं कापून देत होती. मी ओळखलं नाही असं दाखवलं. तिने मात्र ओळखलं आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

"कसं हाय भाऊ? बारीक झाले." मग चहा माझ्याकडे सरकवत म्हणाली, "एक इचारू का? तुमच्याशिवाय दुसरं कोणी सांगू शकत नाही. ते त्या दिवशीचं... मी खरंच आठले गेली होती का जी? आता मलेच कधी कधी वाटते, अडीचले एकदा खोलीवर गेली असन का. डोकं चालत नाही."

मी म्हटलं, इतकं जुनं आता कुठे आठवतं. कॉम्प्युटर दुरुस्त केला आणि चहा अर्धा ठेवून निघालो.

चूक मी केली होती, गप्प मी बसलो होतो, हे मला माहीतच होतं. पण माझ्या सहीनंतर तिच्या डोक्यातला तो दिवसही पुसट होत गेला असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आठ दिवसांनी मी परत गेलो. दुकान दुपारी बंद होतं तेव्हा आम्ही तळ्याच्या बांधावर गेलो. ढीवर लोक जाळी वाळत घालत होते. मी तिला सगळं सांगितलं. वीज पडली तिथपासून झाडूवाल्यापर्यंत, मध्ये काही न गाळता. कोलकात्याची यादी, पासवर्ड, तयार केलेलं वाक्य.

तिने बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "म्हणजे आठलेच."

"आठलाच. सात-आठ मिनिटं वर."

"मंग तवा काऊन नाही बोलले?"

"माझं कंत्राट होतं, सिस्टर. नवं व्हायचं होतं."

"माझं बी कंत्राटच होतं ना, भाऊ."

ती रडली नाही, तिने मला शिव्याही दिल्या नाहीत. तिने दिल्या असत्या तर मी त्या घेऊन सुटलो असतो.

मी सगळं लिहून, त्या दिवसाच्या पूर्ण नोंदींचं पान जोडून गोंदियाच्या आरोग्य कार्यालयात दिलं. आवक शिक्क्याची प्रत मिळाली. महिन्याभराने गेलो तर तिथले एक गृहस्थ म्हणाले, "फाइल तो कब की बंद हो गई. उस जगह पे दुसरी सिस्टर है. अब क्या करोगे भैया?" दवाखान्याने मला पुढचं काम दिलं नाही. हा मी त्याग म्हणून सांगत नाही. चार वर्षं आधी हेच झालं असतं तर त्याला काही अर्थ होता.

शिक्क्याची प्रत सिस्टरला नेऊन दिली. तिने ती वाचली, घडी केली.

"हा कागद मी कोणाले दाखवू? माझ्या मनातलं झालं सोडा, ते फिटलं. त्या बाईच्या घरी चला. त्यायच्या गल्लीतून मी चार वर्षं गेली नाही. बाजारात त्यायची म्हातारी दिसली का मी दुसऱ्या रस्त्यानं जातो."

आम्ही एका बुधवारी गेलो. माझ्या मोटारसायकलवर, केशोरीच्या रस्त्याने, मग आत वळून. धान कापून झालं होतं, बांध्यांत नुसत्या बुडख्या उभ्या. घरासमोर मळणीचं खळं सारवलेलं होतं. मेलेल्या बाईचा नवरा पोती शिवत होता, आणि तिची आई सूप घेऊन पाखडत बसली होती. मुलीमागे तिला दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती जावयाकडेच राहायची. सिस्टर अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही.

मी कोण ते सांगितलं. सर्व्हर, जगाची वेळ वगैरे काही बोललो नाही. घड्याळ मी चुकीचं लावलं होतं, म्हणून सिस्टर लवकर गेली असं कागदावर आलं, खरं तर ती पूर्ण वेळ तिथे होती आणि हे माहीत असूनही चौकशीत मी मशीन बरोबर आहे म्हणालो, एवढं सांगितलं.

नवऱ्याने सुई खाली ठेवली. "सिस्टरबाई होती," तो म्हणाला. "आमी गेलो तवा तीच दारात उभी होती. तीच उचलू लागली. मी पाहिलो ना."

"मग चौकशीत का नाही सांगितलं?"

"साहेबानं सांगतलं, मशीनमंदी अडीच हाय. मी म्हटलो, मंग तसंच असन. आपलं डोकं तवा ठिकाणावर नव्हतं. मलेच काहीतरी भलतं आठवून राहिलं असन. मशीन कायले खोटं बोलन?" तो सिस्टरकडे वळला. "या ना बाई, सावलीत या. बसा."

सिस्टर दोन पावलं आत आली.

सुपाचा आवाज थांबला नव्हता. म्हातारीने पाखडता पाखडताच विचारलं, "काय म्हणते हा?"

जावयाने तिच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तवा तूच म्हणला होता ना, मशीन खरी हाय?"

"हो, आजी."

"आता म्हणतं खोटी हाय."

"हो."

"उद्या अजून कोणी येईन आन् तिसरं सांगन." तिने सूप आपटलं. "माही पोरगी चिखलाच्या पायानं गेली. मी चार साल या बाईले शिव्या देऊन जगली. आता त्या बी घेऊन चालला का तू?"

सिस्टर हलली नाही. "मावशी, तिचे पाय मी धुतले होते," ती म्हणाली. "गाडीत चढवायच्या आंधी. कोमट पाण्यानं."

म्हातारीने ऐकलं की नाही कळलं नाही. तिने सूप उचललं, पाठ आमच्याकडे करून बसली आणि पाखडू लागली. नवऱ्याने लोट्यात पाणी आणून दिलं. सिस्टर उभ्यानेच प्यायली. मग ती म्हातारीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली आणि बाजूला पडलेलं कोंड्याचं टोपलं स्वतःजवळ ओढून घेतलं. सुपातून उडालेला कोंडा ती त्यात भरू लागली. मी मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिलो. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि निघायचं कधी हे ठरवणं माझ्याकडे नव्हतं.